बसून पाहिलेली चित्रं

संग्रहालयांत चित्राचा मध्य बहुधा जमिनीपासून 150 सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. उभ्या माणसाच्या नजरेला तो सोयीचा. व्हीलचेअरवर माझी नजर त्याच्या बरीच खाली असते, त्यामुळे काचेत आधी छतावरचे दिवेच दिसतात. खुर्ची जरा तिरकी करून हातभर मागे घेतली, की चकाकी सरकते आणि चेहरे उमटतात. उंच टेबलपेटीतली लघुचित्रं मात्र हुकतात. पेटीची कड थेट माझ्या हनुवटीशी येते.

म्हणूनच पॅरिसचं ऑरांजरी संग्रहालय मला इतकं प्रिय आहे. 1927 मध्ये खुल्या झालेल्या तिथल्या दोन लंबवर्तुळाकार दालनांत क्लोद मोनेची कमळं आहेत: आठ भव्य रचना, सुमारे दोन मीटर उंच, जमिनीच्या जवळ. उजेड छतातून झिरपतो. बसल्याजागी माझी नजर सरळ पाण्यात शिरते. दुसऱ्या दालनातल्या विलोच्या खोडापाशी मी बराच वेळ थांबले; जवळून तिथे खोड नसतंच, नुसते जांभळे-तपकिरी फटकारे. मधल्या बाकांवर बाकीचेही बसलेले, सगळ्यांची उंची सारखी. भाचा म्हणाला, "मावशी, इथे तुला कुणी वाट करून द्यायला नको."

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम्य करणं बंधनकारक आहे. एकास बारा या उताराच्या हिशेबाने 15 सेंटिमीटरच्या पायरीला 180 सेंटिमीटर रॅम्प पुरतो. एवढी जागा बहुतेक दारांपुढे असते. जाण्याआधी फोन करून लिफ्टबरोबरच शौचालयाच्या दाराची रुंदीही जरूर विचारा.