रात्रभर जागवलेला चहा

उंच डोंगरावरच्या ऊलाँग चहावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे धुकं आणि हिरवे उतार असणार. तैवानमध्ये दोन्ही भरपूर आहे. चियायी शहरातून अलीशानचा घाट चढू लागलं की आधी सुपारीची झाडं, मग बांबू आणि हजार मीटरच्या पुढे, शीझुओच्या आसपास, चहाचे मळे लागतात. हजार मीटर हा तिथला रूढ संकेत. त्याच्या वर पिकला तरच तो ‘गाओशान छा’, उंच डोंगरावरचा चहा. तिथे राहून माझं मत मात्र असं झालं की डोंगर या चहाला निम्माच घडवतो. उरलेला निम्मा रात्री कारखान्यात घडतो, आणि पाकिटावर त्याचा उल्लेखही नसतो.

इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. चहाची रोपं चीनच्या फूच्यान प्रांतातून आली. 1860च्या दशकात जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने ली छुनशेंग यांना हाताशी धरून बेटाच्या उत्तरेत चहाचा धंदा उभा केला आणि 1869मध्ये ‘फॉर्मोसा ऊलाँग’ या नावाने सव्वाशे टनांवर माल थेट न्यूयॉर्कला धाडला. जपानी अमलात काळ्या चहाने जोर धरला. सूर्य-चंद्र सरोवराजवळ तेव्हा लावलेली जात आपल्या आसामची. हा सगळा चहा सखल टेकड्यांवरचा. 1970नंतर निर्यात घसरली, पण घरात पैसा आला होता. तैवानी माणूस स्वतःच चांगला चहा विकत घेऊन पिऊ लागला आणि मळे वर सरकत गेले: अलीशान, शानलिन्शी, मग लीशान. लीशानला त्याआधी सफरचंद-नासपतीच्या बागा होत्या. डोंगर फोडून आडवा महामार्ग काढणाऱ्या निवृत्त सैनिकांपैकी अनेक जण तिथेच स्थायिक झाले, त्यांनी त्या लावल्या. शतकांची परंपरा म्हणून विकला जाणारा हा चहा खरं तर चाळीस-पन्नास वर्षांचा आहे.

डोंगराचं देणं खोटं नाही. दुपारी धुकं उतरलं की ऊन मंदावतं, रात्री गारठा पडतो, पान सावकाश वाढतं. त्यामुळे तुरटपणा आणणारी द्रव्यं कमी राहतात, गोडवा देणारी अमिनो आम्लं वाढतात आणि पान जाड होतं. छिंगशिन ही इथली मानाची जात, नाजूक आणि कमी उत्पन्न देणारी. तर्जनीला ब्लेडचं पातं बांधून बाया ती खुडतात.

पुढचं सगळं त्या पानावर नजर ठेवून बसणाऱ्या माणसाचं. मी ज्या कारखान्यात बसले, तिथला मुख्य कारागीर साठीकडे झुकलेला, कमी बोलणारा. पानं आधी उन्हात कोमेजवतात, मग आत बांबूच्या मोठ्या गोल सुपांवर पसरतात. संध्याकाळपासून तो दर तास-दोन तासांनी येई, दोन्ही हातांनी पानं हलकेच उचलून खाली सोडी आणि पुन्हा पसरी. पानं एकमेकांवर आपटून कडा दुखावतात, तिथे हवेशी क्रिया सुरू होते, देठातलं पाणी शिरांतून पानात येऊन उडून जातं. घड्याळाकडे तो क्वचितच पाही. ढिगात तोंड खुपसून वास घेई. आधी कापलेल्या गवताचा वास, मध्यरात्रीनंतर कच्च्या फळाचा, पहाटेकडे फुलांचा. फुलांचा वास आला की मिनिटांचा खेळ. पानं तापलेल्या फिरत्या पिंपात जातात आणि ती क्रिया तिथेच थांबते. अर्धा तास आधी थांबवली तर चहा हिरवट आणि कडवट, उशीर झाला तर वास गेलेला. हवा दमट असेल तर सगळं गणित बदलतं. हे त्याला कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही आणि देता येईल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी गाठोडी. वीसेक किलो गरम पानं चौकोनी कापडात घालून यंत्रात धरतात. चार उभे रूळ त्याला फिरवत आवळतात, कापडाच्या मानेला पीळ बसतो आणि चेंडू दगडासारखा घट्ट होतो. तो दोन तबकड्यांमध्ये लाटायचा, सोडायचा, पानं मोकळी करायची, गरम करायची, पुन्हा बांधायचं. असं वीस-तीस वेळा, कधी त्याहून जास्त. सपाट पानाची गोळी होते ती अशी. खांदे आणि मनगटं यातच जातात.

म्हणूनच हे काम शिकायला तरुण फारसे येत नाहीत. खुडणाऱ्या बायाही वयस्कर. बऱ्याच कारखान्यांत आता पानं एकदम दाबून ठोकळा करणारं यंत्र आलं आहे. श्रम वाचतात, पण त्यात पानं तुटतात आणि चव उथळ होते, असं जुने कारागीर मानतात. मी दोन्ही चहा शेजारी ठेवून प्यायले आणि त्यांच्याशी सहमत झाले.

डोंगरही थकला आहे. उंचीला भाव मिळतो म्हणून मळे दायुलिंगला अडीच हजार मीटरवर गेले, तेही पुष्कळदा वनजमिनीवर. चहाची मुळं जंगलासारखी उतार धरून ठेवत नाहीत. 1999च्या भूकंपाने लीशानकडे जाणारा महामार्ग तोडला. ऑगस्ट 2009मध्ये मोराकोट वादळात अलीशानवर काही दिवसांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला. महाबळेश्वरला अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याच्या जवळपास निम्मा. दरडींनी रस्ते आणि गावं नेली. पुढे सरकारने दायुलिंगचे काही मळे परत घेतले आणि चहाची झुडपं काढून जमीन जंगलाला दिली. तिथला चहा आवडणाऱ्यांना हळहळ वाटली. मला तो निर्णय योग्य वाटतो.

नकली मालाची भर वेगळीच. त्याच जाती, तीच यंत्रं नेऊन तैवानी व्यापाऱ्यांनी व्हिएतनामच्या डोंगरांत मळे काढले. तो चहा त्या नावाने विकला तर तक्रार नाही, पण तैवानी म्हणून मिसळला जातो आणि शीझुओतल्या प्रामाणिक उत्पादकाचा भाव पडतो.

तेव्हा हा चहा घ्याल तर किती मीटरवरचा आहे हे शेवटी विचारा. आधी गाव विचारा, हंगाम विचारा, कुणी बनवला ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर पैसे परत खिशात ठेवा. आणि घरी आणल्यावर दूध-साखर न घालता, उकळत न ठेवता, कढत पाण्यात तीच पानं चार-पाच वेळा भिजवून प्या.