पहूरचं मत, दिल्लीची अधिसूचना

जळगावहून अजिंठ्याकडे निघालं की वाटेत पहूर लागतं. जामनेर, शेंदुर्णी, पाचोरा, कुठंही जायचं तरी इथूनच वाट फुटते. गाव दिसायला एकच, पण ग्रामपंचायती दोन: पहूर पेठ आणि पहूर कसबे. गटार तुंबली, नळ कोरडा पडला, पथदिवा विझला, तर कोणाच्या दारात उभं राहायचं हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात. त्या किती भरतात आणि किती कागदावरच उरकतात हा वेगळा विषय. तरी सरपंच गावातच राहतो, आणि तेवढाही धाक पुष्कळ असतो.

हाच मतदार पंचायत समिती, जिल्हा परिषद, जामनेर विधानसभा आणि रावेर लोकसभा यांसाठीही मत देतो. म्हणजे पाच मतं. मत जसजसं वर जातं, तसतसा जाब विचारणारा हात तोकडा पडतो. आणि ज्या निर्णयांवर घरातल्या लग्नाचं, कर्जाचं, पोरांच्या फीचं गणित बसतं, ते निर्णय बहुतेक सगळे वरचेच असतात.

कापसाचंच घ्या. परदेशी कापसावर 2021 च्या फेब्रुवारीपासून अधिभारासह 11 टक्के आयातशुल्क होतं. 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांपर्यंत नेला. कापड गिरण्यांची निर्यात धोक्यात आली, स्वस्त कच्चा माल द्या अशी त्यांची ओरड सुरू झाली. 18 ऑगस्टला अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली: 30 सप्टेंबरपर्यंत शुल्क माफ. दहा दिवसांत मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. खानदेशातली पूर्वहंगामी कपाशी फुटते, खेडा खरेदीवाले दारात येतात, जिनिंग सुरू होतात, ते नेमके हेच महिने. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी क्विंटलला 8110 रुपये जाहीर होता. पण हमीभाव मिळतो तो सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर, नोंदणी झाली आणि ओलावा नियमात बसला तर. ज्याला पैशाची घाई, तो व्यापारी देईल तो भाव घेतो.

गिरणी कामगाराची रोजी वाचवणं हेही सरकारचंच काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न असा की, शेतकऱ्याचं नुकसान किती आणि गिरणीचा फायदा किती हे तोलून पाहिलं कुठे? संसदेचं त्या वर्षीचं पावसाळी अधिवेशन 21 ऑगस्टपर्यंत चालू होतं. तरी अधिसूचनेसाठी मतदान लागलं नाही, कारण लागतच नाही. सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 25 नुसार लोकहितासाठी शुल्क माफ करायचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. अधिसूचना नंतर संसदेपुढे ठेवली जाते. सभागृहाने मनावर घेतलं तर ती बदलता येते, पण तोवर जहाज बंदराला लागलेलं असतं.

कुठल्या एका पक्षाची ही रीत नव्हे. 5 मार्च 2012 रोजी केंद्राने कापूस निर्यातीवर अचानक बंदी घातली, तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं. देशाचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच जाहीर तक्रार केली की मला विचारलं नाही. आठवड्याच्या आत बंदी सैल करावी लागली. खुद्द कृषिमंत्र्याची ही कथा, तर पहूरच्या कास्तकाराला कोण विचारतो!

परराष्ट्र करारांचंही असंच आहे. परदेशाशी करार करणं हा आपल्याकडे मंत्रिमंडळाचा अधिकार. कलम 253 संसदेला करार अमलात आणण्यासाठी कायदे करू देतं, पण करारावर सही करण्याआधी संसदेला विचारलंच पाहिजे असं राज्यघटना म्हणत नाही. अमेरिकेत तहाच्या स्वरूपातला करार सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांनी संमत व्हावा लागतो. ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्याने तो 21 कामकाजाचे दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो. आपण 15 एप्रिल 1994 रोजी मराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही केली. शेतीमालाचे नियम त्यानंतर जिनिव्हात ठरू लागले, पण आपल्या लोकसभेत त्या कराराच्या मंजुरीचं मतदान झालं नव्हतं. जमीन द्यायची असेल तर मात्र गोष्ट निराळी. बेरुबारी प्रकरणात 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भूभाग दुसऱ्या देशाला देण्यासाठी घटनादुरुस्ती हवी. म्हणून बांगलादेशाशी छिटमहालांची, म्हणजे एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या भूभागांची, अदलाबदल करताना 2015 मध्ये 100 वी घटनादुरुस्ती करावी लागली. वीतभर जमिनीला एवढा पहारा आणि त्या जमिनीत पिकणाऱ्या मालाच्या भावाला काहीच नाही, हे मला तरी पटत नाही.

दुसरी बाजूही पाहायला हवी. आपण बाजाराचा दरवाजा लावला की बाहेर कोणीतरी अडकतं. जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा जगातल्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा सुमारे 40 टक्के होता. आफ्रिकेतल्या गरीब देशांत त्याची झळ पोहोचली. डिसेंबरात कांदा थांबवला आणि ढाक्याच्या बाजारात भाव भडकले, तर इकडे नाशिक-धुळ्यात ते कोसळले. शहरी ग्राहक खूश झाला, कारण त्याच्याकडे मत आहे आणि निवडणूक जवळ होती. ढाक्याच्या बाईला आपल्याकडे मत नाही. मत नसलेल्याचा विचार करणं, देशाची जगापुढची जबाबदारी म्हणतात ती हीच. शांतिसेनेत जवान पाठवणं हाही तिचाच भाग, पण त्याचा अभिमान वाटतो म्हणून तो सहज आठवतो. तांदूळ कोणाला आठवत नाही.

या साऱ्याचा विचार खानदेशात नव्वद वर्षांपूर्वी झाला होता. 1936 च्या डिसेंबरात तापीपलीकडे फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. धनाजी नाना चौधरींनी जिवाचं रान केलं, साने गुरुजी गावोगाव फिरले, नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक सामानातून अधिवेशनाचं टिळकनगर उभारलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ठराव काय होते? प्रौढ मताधिकाराने निवडलेली घटना समिती हवी. शेतसारा, खंड, कर्ज यांबद्दलचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम. आणि त्याच मांडवात स्पेनच्या प्रजासत्ताकाला पाठिंबा, साम्राज्याच्या युद्धात सहभागी न होण्याची भूमिका. मनमाडहून किसान मोर्चा पायी तिथे आला होता. मालमत्ता किंवा शिक्षणाच्या अटींमुळे त्या गर्दीतल्या बहुतेकांना येत्या 1937 च्या निवडणुकीत मतही नव्हतं. तरी सारा आणि स्पेन ही दोन निरनिराळी खाती आहेत असं त्यांना कोणी सांगितलं नाही.

आता मत प्रत्येकाला आहे, आणि फैजपूर व पहूर एकाच रावेर लोकसभा मतदारसंघात येतात. मधल्या काळात या जिल्ह्याने प्रतिभाताई पाटील यांच्या रूपाने देशाला पहिली महिला राष्ट्रपतीही दिली. पण प्रचारसभेत उमेदवाराला आयातशुल्काबद्दल विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. रस्ता, पूल, मंदिराचा सभामंडप, इथवरच आपली मागणी थांबते.

साधनं नाहीत असंही नाही. खासदाराला मंत्र्याला प्रश्न विचारता येतो, लोकसभेत नियम 377 खाली विषय मांडता येतो. आणि सामान्य नागरिकाला लोकसभेकडे याचिका करता येते. विषय सार्वजनिक हिताचा आणि नियमांत बसणारा हवा. याचिका समिती ती तपासते, मंत्रालयाचं म्हणणं मागवते. कापूस वेचणीच्या आधी पेठ आणि कसबे, दोन्ही ग्रामसभांनी ठराव करून अशी एक याचिका करावी: हंगामात आयातशुल्क बदलायचं तर आधी सभागृहात चर्चा करा. याचिका खासदारामार्फत मांडायची तर तिच्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते. ती मागायला जाल तेव्हा चार माणसं बरोबर घेऊन जा.