विरोधकाच्या नावाची मंडई

पुण्याला गेलात आणि तुळशीबागेतली खरेदी आटोपली, की दोन पावलांवरच्या महात्मा फुले मंडईत जरूर डोकावा. भक्कम दगडी इमारत, उतरती छपरे आणि मधोमध उंच अष्टकोनी मनोरा. लांबून एखाद्याला चर्चच वाटावे! आत पाऊल टाकले, की मात्र कोथिंबिरीचा वास, गाळ्यांवर रचलेली मेथी-चाकवत-अंबाडी आणि भावावरून चाललेली घासाघीस.

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरत असे. पुढे नगरपालिकेने छपराखालची मंडई बांधायला घेतली. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी तिचे उद्घाटन झाले आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ हे नाव मिळाले.

खरी गंमत पुढेच आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते. मंडईसाठी एवढा मोठा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते कोणी मानले नाही; मंडई उभी राहिलीच. आणि १९३८ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच मंडईला फुल्यांचे नाव देण्यात आले!

ज्या सामान्य माणसासाठी ते भांडले, त्याच माणसाने पुढे ही वास्तू आपलीशी केली. इथल्या रोखठोक, मिस्कील बोलण्याला पुणेकर ‘मंडई विद्यापीठ’ म्हणतात. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन तर गणेशोत्सवात साऱ्या शहराचा होतो.

आता घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आहे. भाजी फोनवरून मागवता येते, तासाभरात दारात येते. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले आणि गाडी कुठे लावायची, ही गिऱ्हाइकाची चिंता मिटली. पण गाळेवाल्याचे पोट मनोऱ्याच्या देखणेपणावर भरत नाही, ते गिऱ्हाइकावरच भरते. केलेला खर्च गरिबाच्या किती कामी येतो, हा फुल्यांचा प्रश्न त्यांच्याच नावाच्या छपराखाली आजही तितकाच खरा आहे.

तेव्हा मनोऱ्याचा फोटो जरूर काढा. पण येताना पिशवीत मेथीच्या दोन गड्ड्याही असू द्या!