भामरागडची प्रिंट

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. कचेरी जवळ आली खरी, पण भामरागडचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणापासून आजही दीडशे किलोमीटरहून लांब आहे, आणि पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की तोही रस्ता बंद. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. 15 रुपये भरा, फाइल उतरवा, छापा. तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. मात्र सेवा केंद्राच्या दारात ऐकू येतं ते 'लिंक नाही', नाहीतर 'प्रिंट अडकली'.

लिंकचं दुखणं सरकारच्या दारचं. अडकलेल्या प्रिंटचं मात्र बरंचसं आपल्या हातात आहे.

इंटरनेटवरून छापायचं तर मध्ये प्रिंट सर्व्हर लागतो. आलेलं काम रांगेत लावायचं, पानाचं प्रिंटरला कळेल असं चित्र करायचं आणि प्रिंटर मोकळा झाला की त्याला द्यायचं, एवढंच त्याचं काम. जुना संगणक किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, त्यावर लिनक्स आणि फुकट मिळणारं 'कप्स', एवढ्यावर भागतं. खरा प्रश्न तो ठेवायचा कुठे हा. माझ्या मते गावातच, प्रिंटरच्या शेजारी. हिशेब सोपा आहे. ए-फोर पानाचं 600 डीपीआयचं काळं-पांढरं चित्र न दाबता 4.3 एमबी भरतं. सेकंदाला 100 किलोबिटच्या रडतखडत चालणाऱ्या लाइनवर त्याला पावणेसहा मिनिटं लागतात. तेवढ्यात लाइन दोनदा जाते. तेच पान 100 केबीच्या पीडीएफमधून आठ सेकंदांत येतं. म्हणून तालुक्याहून पीडीएफच पाठवावी, तिचं चित्र गावच्या सर्व्हरने करावं. फॉन्ट मात्र फाइलमध्येच बसवलेला हवा, नाहीतर 'क्षेत्र'च्या जागी नुसते चौकोन उमटतात.

दुसरी गोष्ट, हाक कोणी मारायची? मोबाइल डेटावर केंद्राला बहुधा स्वतःचा जाहीर आयपी पत्ता मिळतच नाही, त्यामुळे बाहेरून प्रिंटरपर्यंत पोहोचता येत नाही. मग गावच्या सर्व्हरनेच दर मिनिटाला वर, तालुक्याच्या रांगेला, विचारावं, काम आहे का? लाइन गेली तरी काम वरच्या रांगेत राहतं. आणि ही रांग आपल्या ताब्यात असावी. अनेकांनी भरवसा टाकलेलं गूगल क्लाउड प्रिंट 31 डिसेंबर 2020 रोजी बंद झालं.

ज्यांना जाहीर पत्ता मिळतो, त्यांना वेगळा धोका. प्रिंटरचं 9100 क्रमांकाचं पोर्ट सहसा पासवर्ड विचारत नाही, जो येईल त्याचं छापतं. 2018 च्या नोव्हेंबरअखेर एका हॅकरने याच वाटेने जगभरातल्या सुमारे 50 हजार प्रिंटरांवर एका यूट्यूबरची जाहिरात छापल्याचा दावा केला. बाहेरून छापायचंच असेल तर आयपीपी वापरावं, 631 क्रमांकाच्या पोर्टवर, पासवर्ड लावून आणि व्हीपीएनच्या आतून.

एवढं जमवूनही पावसाळा आडवा येतोच. दमट हवेत कागद ओल धरतो, कडा वळतात, दोन पानं एकदम ओढली जातात. रीम उघडी टाकू नये, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. लेझर प्रिंटर तापताना कित्येक शे वॅट ओढतो, साधा इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. इंक टँकचा प्रिंटर छापताना दहा-पंधरा वॅटवर चालतो. जंगलाकडच्या केंद्राने तोच घ्यावा.

केंद्रचालकांनो, आजच राउटर उघडून 9100 चं फॉरवर्डिंग चालू आहे का पाहा, आणि असेल तर बंद करा.