कुशीतली टोपली

१९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये दर हजार जन्मांमागे सुमारे चार तान्ही बाळं झोपेतच दगावत होती. आजारी नसलेली, संध्याकाळी दूध पिऊन शांत झोपलेली बाळं. शवविच्छेदनातही कारण सापडत नसे. श्रीमंत देशांत इतकं वाईट प्रमाण क्वचितच कुठे होतं. म्हणून १९८७ ते १९९० या काळात तिथे देशव्यापी अभ्यास झाला. बाळ गमावलेल्या घरांत जे प्रश्न विचारले गेले, तेच प्रश्न बाळ सुखरूप असलेल्या घरांतही विचारले गेले. दोन्हींतली उत्तरं शेजारी ठेवल्यावर चार गोष्टी ठळक झाल्या: बाळाला पालथं झोपवणं, आईचं सिगारेट ओढणं, अंगावर न पाजणं आणि बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात घेणं.

१९९१ साली मोहीम सुरू झाली. बाळाला पालथं झोपवू नका, हा सल्ला तर जवळजवळ फुकटचाच. काही वर्षांतच मृत्यू निम्म्यावर आले. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी कुटुंबांत मात्र घट तेवढी झाली नाही आणि मूळ लोक व इतर यांच्यातली दरी उलट जास्त डोळ्यांत भरू लागली.

असं का, हे समजायला आधी बाळाच्या मेंदूकडे पाहावं लागतं. झोपेत तोंडावर दुपटं आलं किंवा नाक गादीत रुतलं, तर बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेऊ लागतं. रक्तातला प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. धडधाकट बाळ अशा वेळी मान वळवतं, धाप टाकतं, रडतं. हा गजर मेंदूच्या देठात वाजतो. बॉस्टनच्या हॅना किनी यांच्या गटाला दगावलेल्या अनेक बाळांच्या या भागात सेरोटोनिन यंत्रणेत बिघाड आढळले. फिलियानो आणि किनी यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या प्रतिकृतीनुसार तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: बाळाची मुळातली दुबळी बाजू, पहिल्या काही महिन्यांचं नाजूक वय आणि बाहेरून आलेला ताण. गरोदरपणात आईच्या रक्तातून पोहोचणारं निकोटिन नेमका हा गजर मंद करतं.

बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात घेऊ नका, या चौथ्या सल्ल्याची गंमत इथे कळते. न्यूझीलंडच्याच आकडेवारीवर रॉबर्ट स्क्रॅग आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की आई सिगारेट ओढणारी असेल, तर बाळाला शेजारी घेण्याचा धोका एकदम वाढतो. ती ओढत नसेल तर तो त्या मानाने किरकोळ दिसतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा अनुभवही बोलका आहे. तिथल्या पाकिस्तानी वंशाच्या घरांत बाळ आईच्या जवळ झोपतं, तरी झोपेतल्या मृत्यूंचं प्रमाण गोऱ्या घरांपेक्षा कमी आहे. त्या आया बहुधा सिगारेट ओढत नाहीत. बाळाला रात्रभर कुशीत घेणाऱ्या मराठी घरांनी एवढं ऐकून लगेच हुश्श करू नये. मऊ गादी, जाड रजई, दारू प्यालेलं किंवा थकून गाढ झोपलेलं माणूस, यांपैकी काहीही शेजारी असलं तर हिशोब बदलतो.

माओरी समाजात, वसाहतीच्या काळात आलेल्या तंबाखूपायी, गरोदरपणातल्या धूम्रपानाचं प्रमाण मोठं होतं. बाळाला शेजारी घेऊन झोपणं तर पिढ्यानपिढ्यांचं. सल्ला देणारी नर्स म्हणे, ‘बाळाला वेगळ्या पाळण्यात ठेवा.’ दोन खोल्यांत दोन-तीन कुटुंबं राहत असतील, तर पाळणा ठेवायचा कुठे? अंत्यविधीला किंवा नातेवाइकांकडे जाताना तो न्यायचा कसा? आणि मुळात बाळाला दूर का ठेवायचं? लोकांनी मान डोलावली आणि रात्री बाळ कुशीत घेतलं. आरोग्य खात्यांना अशा वेळी अडाणीपणा दिसतो. मला तर तो सल्लाच अडाणी वाटतो.

२००५-०६च्या सुमारास माओरी डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच यांनी गिसबर्नच्या परिसरातल्या विणकर बायकांना सोबत घेऊन वेगळी वाट काढली. हाराकेके ही तिथली वनस्पती, आपल्या घायपातासारखी लांब, चिवट पानांची. तिच्या पानांची छोटी, सपाट तळाची, काठ असलेली टोपली विणायची, तिचं नाव वाहाकुरा. ती थेट मोठ्यांच्या अंथरुणात ठेवायची. बाळ आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या जागेत. कुणी कूस बदलली तर काठ मधे येतो. हाराकेकेची पानं कापताना मधला कोंब आणि त्याला बिलगलेली दोन पानं तोडत नाहीत; कोंब म्हणजे मूल, बाजूची पानं आई-बाप. टोपली विणायच्या शिबिरात गरोदर बाई बसली की उताणं झोपवणं, चेहरा उघडा ठेवणं, सिगारेट, अंगावर पाजणं हे सगळं हात चालू असताना बोलून होतं. सुईणीही येऊन बसतात. मला यातला हा भाग टोपलीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

विणायला वेळ लागतो आणि विणकर थोडे. २०११ मध्ये क्राइस्टचर्चला भूकंप झाला, घरं पडली, लोक मिळेल तिथे झोपू लागले. तेव्हा स्टेफनी कॉवन यांनी प्लॅस्टिकच्या साठवणीच्या डब्यात बेताची गादी बसवून ‘पेपी-पॉड’ आणलं. हेच पुढे ऑस्ट्रेलियात गेलं. जनीन यंग यांच्या गटाने क्वीन्सलँडमधल्या अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या कुटुंबांसोबत, त्यांच्याच आरोग्यसेवांमार्फत ते वापरून पाहिलं. आज या घरी, उद्या मावशीकडे, असं जिथे राहणं असतं तिथे डबा काखेत मारून नेता येतो.

पण याने जीव वाचतात का? हे मृत्यू आता इतके विरळ आहेत की चाचणीतून ते सिद्ध करायला प्रचंड संख्येने बाळं लागतील. त्यामुळे संशोधकांनी वागणूक मोजली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २०० आयांपैकी निम्म्यांना वाहाकुरा, निम्म्यांना नेहमीचा छोटा पाळणा दिला. तोंड झाकलं जाणं किंवा कुशीवर-पालथं झोपणं यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे टोपली पाळण्याइतकी तरी निर्धोक. सहाव्या महिन्यात पूर्णपणे अंगावर पाजणाऱ्या आया मात्र टोपलीच्या गटात २२.५ टक्के होत्या, पाळण्याच्या गटात १०.७.

दुसरा पुरावा देशाच्या आकड्यांत आहे. २००९ ते २०१५ दरम्यान न्यूझीलंडमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यापुढचे बालमृत्यू २९ टक्क्यांनी घटले. घट माओरींत आणि जिथे टोपल्या आणि पॉड देण्याचा कार्यक्रम जोरात चालला त्या भागांत सर्वांत ठळक होती. यावरून टोपलीनेच हे केलं असं म्हणता येत नाही. त्याच काळात इतरही बरंच चाललं होतं.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१६ च्या सूचनांत अंथरुणात ठेवायच्या साधनांबाबत बाजूने वा विरुद्ध सांगण्याइतका पुरावा नाही, असंच म्हटलं. शास्त्रीय दृष्ट्या ते रास्त आहे. फक्त तुलना कशाशी करायची, हा प्रश्न उरतो. दूरच्या बेटावरच्या एखाद्या घरात टोपलीला पर्याय कोपऱ्यातला नीटस पाळणा नसतो. चौघांनी भरलेली एकच गादी असते. न्यूझीलंड सरकारने २०१७ मध्ये राष्ट्रीय प्रतिबंध कार्यक्रमात गरजू कुटुंबांना वाहाकुरा आणि पॉड देण्यासाठी पैसा घातला. पेपी-पॉड घेणाऱ्या आईला एक काम दिलं जातं: सुरक्षित झोपेबद्दल जे ऐकलं, ते तिने आपल्या बहिणींना, शेजारणींना, पुढच्या गरोदर बाईला सांगायचं.