उबवणीच्या अंड्यांची टपालाने वाहतूक

उबवणीच्या अंड्यांची टपालाने वाहतूक म्हणजे कोंबडीची फलित अंडी पार्सलाने दूरच्या ठिकाणी पाठवणे आणि तेथे खुडूक कोंबडीखाली किंवा उबवणी यंत्रात ठेवून त्यांतून पिल्ले काढणे होय. ही पद्धत अमेरिकेत विशेष रूढ आहे. दुर्मिळ जातींच्या कोंबड्या पाळणारे हौशी पालक आणि लहान शेतकरी ती प्रामुख्याने वापरतात. खाण्याचे अंडे न फुटता पोचले की वाहतूक यशस्वी ठरते. उबवणीचे अंडे मात्र बाहेरून अखंड दिसत असूनही आतून निकामी झालेले असू शकते, आणि पुष्कळदा हे कळण्यास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ जातो.

अंड्यातील थांबलेली वाढ

कोंबडीच्या बीजाचे फलन अंडनलिकेच्या सुरुवातीच्या भागात होते. त्यानंतर त्याभोवती पांढरा बलक, पापुद्रे आणि कवच तयार होण्यास सुमारे २४ ते २६ तास लागतात. हा सर्व काळ बीज कोंबडीच्या शरीरातील सुमारे ४१° सेल्सियस तापमानात असते व त्याची वाढ चालू असते. त्यामुळे घातलेल्या ताज्या अंड्यातील भ्रूण जवळजवळ एक दिवसाचा असतो. पिवळ्या बलकाच्या पृष्ठभागावर तो फिकट पांढऱ्या चकतीच्या रूपात दिसतो आणि त्यात हजारो पेशी असतात.

अंडे थंड झाले की ही वाढ थांबते. साधारणपणे २०° ते २१° सेल्सियसच्या खाली भ्रूण मरत नाही, पण वाढतही नाही. या तापमानाला 'शरीरक्रियात्मक शून्य' असे नाव आहे. कोंबडीच्या नैसर्गिक वर्तनात या विरामाला महत्त्वाचे स्थान आहे. कोंबडी एका वेळी एकच अंडे घालते आणि दहा-बारा अंडी जमल्यावर खुडूक होऊन त्यांवर बसते. पहिले अंडे तोवर बरेच दिवस पडून राहिलेले असते, तरीही सर्व पिल्ले जवळजवळ एकाच वेळी, सुमारे २१ व्या दिवशी बाहेर येतात. टपालाने अंडी पाठवणारा माणूस कोंबडीला मिळालेल्या याच सवलतीचा उपयोग करून घेत असतो.

ही सवलत मर्यादित आहे. १३° ते १८° सेल्सियस तापमान आणि ७० ते ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असल्यास अंडी सुमारे सात दिवस चांगली टिकतात. पुढे प्रत्येक दिवसागणिक उबवणक्षमता घटत जाते. प्रवासाला दोन-तीन दिवस लागणार असतील, तर पाठवण्यापूर्वी अंडी साठवून ठेवण्यास फारसा अवधी उरत नाही. डझन पूर्ण करण्यासाठी दहा दिवस जमवलेली अंडी पाठवणे म्हणजे पार्सल टपालात पडण्याआधीच बहुतेक अवधी खर्च करून टाकणे आहे.

प्रवासात होणारी हानी

ताजे अंडे थंड होताना आतील द्रव आकुंचन पावतो, रुंद टोकाकडून हवा आत येते आणि कवचालगतच्या दोन पापुद्र्यांमध्ये हवेची पोकळी तयार होते. उबवणीच्या काळात कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाष्प निघून जाते व पोकळी मोठी होते. १९ व्या किंवा २० व्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोचीने आतला पापुद्रा भेदून याच पोकळीत पहिला श्वास घेते. कवच फोडण्याचे काम त्यानंतरचे आहे. टपालातील आदळआपटीने पापुद्रा सुटतो आणि हवा रुंद टोकाशी स्थिर न राहता बुडबुड्यासारखी फिरू लागते किंवा एका कुशीकडे खोगिरासारखी पसरते. अशा अंड्यातील भ्रूण बरेचदा शेवटपर्यंत वाढतो आणि नेमका श्वास घेण्याच्या टप्प्यावर मरतो. पालकांना सर्वांत निराश करणारी हानी हीच.

पिवळ्या बलकाला दोन्ही बाजूंनी पिळदार धागे आणि घट्ट पांढरा बलक मध्यभागी धरून ठेवतात. अंडे शिळे होत जाते तसा पांढरा बलक पातळ होतो, पिवळा बलक वर तरंगतो व पापुद्र्याला चिकटण्याचा धोका निर्माण होतो. शिळ्या अंड्याला धक्का अधिक बाधतो तो यामुळेच. केसासारखी बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, परंतु तिच्यातून जिवाणू आत जातात आणि बाष्प प्रमाणाबाहेर बाहेर पडते.

उष्णतेचा परिणाम याहून फसवा असतो. उन्हात उभ्या राहिलेल्या टपालगाडीत तापमान २१° सेल्सियसच्या वर गेले की थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. मात्र उबवणीस लागणारे सुमारे ३७.५° सेल्सियस तापमान तेथे स्थिर नसते. भ्रूणाची वाढ मंद व विस्कळीत होते, गारव्यात ती पुन्हा थांबते, आणि अशा खंडांनी भ्रूण दुर्बल होतो किंवा मरतो. गोठवणारी थंडी अंड्याचे कवचच तडकवते. म्हणून अनुभवी विक्रेते कडक उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत पाठवणी बंद ठेवतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, १८४९ मध्ये बोस्टन येथे भरलेल्या कुक्कुट प्रदर्शनानंतर अमेरिकेत आशियाई जातींच्या कोंबड्यांचे मोठे वेड पसरले. जॉर्ज बर्नहॅम याने १८५५ मध्ये या वेडावर पुस्तक लिहिले. जातिवंत पक्ष्यांबरोबर त्यांची अंडीही तेव्हा चढ्या भावाने विकली जात. अमेरिकी टपाल खात्याची पार्सल सेवा तोवर अस्तित्वात नव्हती. अंडी खासगी वाहतूक कंपन्यांमार्फत जात. ती मुठीच्या टोपलीत बांधण्याची शिफारस जुने कुक्कुटपालक करीत, कारण मूठ दिसली की हमाल टोपली फेकत नाही, उचलून नेतो.

अमेरिकेत टपाल खात्याची पार्सल सेवा १ जानेवारी १९१३ रोजी सुरू झाली. सुरुवातीच्या पार्सलांपैकी एकात सेंट लुइसहून इलिनॉयमधील एडवर्ड्सव्हिल येथे सहा अंडी पाठवण्यात आली आणि काही तासांनी त्यांचा केक होऊन तो टपालानेच परत आला. ती अंडी अर्थातच उबवणीसाठी नव्हती. लांब पल्ल्यासाठी प्रत्येक अंडे वेगळे गुंडाळावे, भोवती लाकडी तंतू किंवा कापूस भरावा आणि पार्सलावर 'अंडी' असे लिहावे, असे त्या काळचे नियम होते. १९१८ पासून एक दिवसाची पिल्लेही टपालाने जाऊ लागली. कवचातून निघण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते व त्यावर सुमारे तीन दिवस निभावते, म्हणून हे शक्य होते. पिल्लांना उबेची आणि घाईची गरज असते. अंड्यांना गारवा आणि संथपणा लागतो. एकाच टपालव्यवस्थेला या दोन्ही परस्परविरोधी गरजा भागवाव्या लागतात.

बांधणी

पाठवण्यासाठी मध्यम आकाराची, नेहमीच्या घडणीची व स्वच्छ अंडी निवडतात. मळलेली अंडी धुऊन पाठवणे चुकीचे मानले जाते, कारण धुण्याने कवचावरील संरक्षक थर निघून जातो. फार मोठी, लांबट किंवा पातळ कवचाची अंडी खाण्यासाठी ठेवणेच बरे.

प्रत्येक अंडे हवेच्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये स्वतंत्र गुंडाळून किंवा खाचा पाडलेल्या फोमच्या ठोकळ्यात टोकदार बाजू खाली करून बसवतात. हे खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवून दोहोंमधील जागा लाकडाच्या भुश्शाने किंवा कागदाच्या पट्ट्यांनी भरतात. खोके हलवले असता आतून काहीही सरकल्याचे जाणवू नये, ही बांधणीची साधी कसोटी आहे. मात्र भराव इतका दाबूनही बसवू नये की खोक्यावर पडलेला भार थेट कवचावर येईल. अंडी हवाबंद पिशवीत ठेवत नाहीत. पार्सल आठवड्याच्या सुरुवातीस टाकल्यास ते रविवारी गोदामात अडकून पडत नाही. अनेक ग्राहक पार्सल घरी न मागवता स्वतः टपाल कार्यालयातून घेतात. त्यामुळे वितरणाच्या गाडीतील शेवटचे काही तास वाचतात. खोक्यावर 'नाजूक' असे लिहिण्याचा उपयोग माणसांपुरता असतो. पार्सलांची वर्गवारी करणाऱ्या यंत्राला आणि सरकत्या पट्ट्याला ते वाचता येत नाही.

पोचल्यानंतर

आलेली अंडी लगेच यंत्रात ठेवत नाहीत. टोकदार बाजू खाली करून १२ ते २४ तास खोलीच्या तापमानात स्थिर ठेवतात. गार अंडे एकदम उबदार व दमट हवेत नेल्यास कवचावर दव धरते आणि ओलाव्याबरोबर जिवाणू छिद्रांतून आत शिरतात. या काळात प्रखर दिव्यासमोर धरून चिरा आणि हवेच्या पोकळीची अवस्था तपासतात. या तपासणीला कँडलिंग म्हणतात. पोकळीची कड कवचावर पेन्सिलीने आखून ठेवली, तर पुढील बदल समजतो.

पोकळी सुटलेली असल्यास काय करावे, याविषयी पालकांत एकमत नाही. नेहमीच्या उबवणीत भ्रूण पापुद्र्याला चिकटू नये म्हणून पहिल्या दिवसापासून अंडी फिरवणे आवश्यक असते व १८ व्या दिवशी ते थांबवतात. सुटलेल्या पोकळीच्या अंड्यांना मात्र अनेक जण पहिले दोन-तीन दिवस उभे व निश्चल ठेवतात आणि नंतर केवळ हलके कलते करतात. पोकळी स्थिरावण्याची आशा आणि भ्रूण चिकटण्याची भीती यांतील ही तडजोड आहे. शेवटचे तीन दिवसही अशी अंडी कागदी ट्रेच्या खळग्यात उभीच ठेवतात.

अपयशाचे कारण

उबवणी फसली की विक्रेता टपालाला आणि ग्राहक विक्रेत्याला दोष देतो. बहुतेक विक्रेते पिल्लांची हमी देत नाहीत, आणि प्रवास करून आलेल्या अंड्यांपैकी निम्म्यांतून पिल्ले निघाली तरी पालक ते चांगले मानतात. दोष कोठे आहे याचा काहीसा उलगडा अंडे फोडून होतो. अफलित अंड्यात पिवळ्या बलकावर लहान, दाट पांढरा व वेड्यावाकड्या कडेचा ठिपका असतो. फलित अंड्यात तो मोठा व कड्यासारखा दिसतो. लाल वलय दिसल्यास भ्रूण पहिल्या काही दिवसांत वाढून मेला, असे समजतात. सगळीच अंडी अफलित निघाली, तर धक्क्यांना दोष देण्यात अर्थ नसतो. नर अक्षम असतो किंवा कळपात माद्यांच्या मानाने नर कमी असतात. याउलट फलन चांगले असून पोकळ्या सुटलेल्या व भ्रूण आरंभीच मेलेले आढळले, तर संशय प्रवासाकडे जातो. तुलनेसाठी विक्रेत्याने त्याच दिवसांची काही अंडी स्वतःकडे उबवल्यास निष्कर्ष अधिक खात्रीचा होतो.

रोगप्रसार

अंड्यांबरोबर रोगही प्रवास करतात. साल्मोनेला पुलोरम हा जिवाणू बाधित कोंबडीकडून अंड्यामार्फत पिल्लात उतरतो व लहान पिल्लांचा मोठ्या प्रमाणावर बळी घेतो. त्याच्या नियंत्रणासाठी अमेरिकेत १९३५ मध्ये राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना सुरू झाली. योजनेत सहभाग ऐच्छिक आहे, परंतु तपासणी झालेल्या कळपाचा दाखला सोबत असल्याशिवाय अनेक राज्ये बाहेरची अंडी स्वीकारत नाहीत. मायकोप्लाझ्माही अंड्यातून पसरतो. बर्ड फ्लूच्या साथीत बाधित क्षेत्रातून अंड्यांच्या हालचालीवर निर्बंध येतात.

भारतातील स्थिती

महाराष्ट्राच्या खेड्यांत शेजाऱ्याकडून किंवा नातलगांकडून चांगल्या कोंबडीची अंडी आणून घरच्या खुडूक कोंबडीखाली रवणाला बसवण्याची रीत जुनी आहे. ही वाहतूक बहुधा भुसा किंवा धान्य भरलेल्या टोपलीतून, हातात धरून होते. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने वनराजा व ग्रामप्रिया या परसातील पालनासाठीच्या जाती विकसित केल्या. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कडकनाथासारख्या जातीची फलित अंडी दूरवरून मागवताना प्रवासाच्या धक्क्यांइतकाच उन्हाळ्याचा विचार करावा लागतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे तापमान ४०° सेल्सियसच्या वर जाते, तेव्हा बंद खोक्यातील अंडी वाचवणे कठीण असते. बर्ड फ्लूचा भारतातील पहिला नोंदलेला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. त्या वेळी तेथील कोंबड्यांबरोबर अंडीही नष्ट करण्यात आली.