शेपटी छाटावी का?

झेब्राफिशची शेपटी प्रयोगशाळेत कापली, तर 28 अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात ती दोन-तीन आठवड्यांत बहुतांश भरून येते. जखमेवर आधी त्वचा चढते, तिच्याखाली पेशींचा पुंजका जमतो आणि त्यातून पराचे काटे पुन्हा वाढतात. हाच दाखला देऊन काही हौशी मत्स्यपालक फायटर किंवा गोल्डफिशचे फाटके पर कात्रीने छाटतात. पण या प्रयोगातून पर पुन्हा वाढतो एवढेच कळते; वाढीसाठी तो कापावाच लागतो, असे नाही. दुसऱ्या माशाने कुरतडलेला परही असाच भरून येतो. शिवाय प्रयोगशाळेत माशाला भूल दिलेली असते. घरच्या कात्रीने मात्र रक्तवाहिन्या असलेल्या जिवंत भागावर नवी जखम होते.

पराला लागलेली सड पसरत असेल तर सडलेला भाग काढायला नको का, हा आक्षेप रास्त आहे. मात्र सडवणारे जीवाणू बहुधा टाकीतच असतात आणि पाणी घाण असेपर्यंत छाटलेली नवी कडही सडू शकते. म्हणून आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासा, क्लोरीन काढलेले पाणी वापरून टाकीतले थोडे थोडे पाणी बदला. सड पराच्या बुडाकडे सरकू लागली, तर छाटणीचा निर्णय पशुवैद्यकावर सोपवा.